टॉरमॉड खिळ्याची अंगठी

आमच्या गावात एका वेळी पाच टॉरमॉड मॅक्लिऑड नांदत होते. नवा पोस्टमन आला की पहिल्याच महिन्यात रडकुंडीला यायचा. म्हणून प्रत्येकाला एकेक नाव चिकटलेलं होतं. एक लांब टॉरमॉड, एक शिंक्या, एक दीपगृहवाला, एकाचं नाव मी चारचौघांत लिहिणार नाही, आणि पाचवा माझा भाऊ, टॉरमॉड खिळा.

हे नाव त्याने दहाव्या वर्षी कमावलं. वडिलांच्या होडीतून निघालेला तांब्याचा एक खिळा त्याने चुलीत तापवला, ठोकला, वाकवला आणि त्याची अंगठी करून रविवारी चर्चला घालून गेला. आमच्याकडे रविवार म्हणजे रविवार. त्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालत नाहीत, बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवतात. अशा दिवशी मुलाच्या बोटात अंगठी. वडिलांनी भर प्रार्थनेत ती ओढून काढली आणि खिशात टाकली. पण तांब्याने बोट हिरवं झालं होतं, ते आठवडाभर धुऊन निघालं नाही. सगळ्या शाळेने पाहिलं आणि खिळा हे नाव पक्कं झालं.

सोळाव्या वर्षी तो मालवाहू जहाजावर गेला, तेव्हा आईला वाटलं की आता तरी पोरगं मार्गाला लागेल. जहाज ग्लासगोला लागलं, हा उतरला तो परत चढलाच नाही. चांदीकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे सहा वर्षं राहिला. बाविसाव्या वर्षी परत आला तेव्हा त्याच्याबरोबर अवजारांची एक पेटी, एक जाडजूड वही आणि कायमचा खोकला आला. घरामागच्या गोठ्यात त्याने आपलं काम मांडलं. गाय शेजारच्यांच्या गोठ्यात गेली आणि आईने महिनाभर त्याच्याशी अबोला धरला.

लुईस बेटावर, त्यातही आमच्या नेसच्या टोकाला, पुरुषांचे दागिने करून पोट भरीन असं म्हणणारा माणूस धड नाही असंच लोकांना वाटलं. आमच्या पुरुषांना नटणं मान्य नाही. त्यांना नटायला आवडत नाही असं मात्र मी म्हटलेलं नाही. टॉरमॉडला हा फरक फार लवकर कळला, आणि आयुष्यभराचं दुकान त्याने त्या एका फरकावर चालवलं.

एक उदाहरण सांगते. चर्चचे एक पंच होते, इतके कडक की त्यांच्या घरचं मांजरही रविवारी उंदराकडे बघत नसे म्हणतात. ते एकदा दुकानात आले. आधी हवेबद्दल बोलले, मग मेंढ्यांबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल.

"दफनाच्या वेळी वाऱ्याने टाय तोंडावर येतो," शेवटी म्हणाले. "बरं दिसत नाही. त्यावर काही अवजार आहे का तुझ्याकडे?"

"आहे ना," टॉरमॉड म्हणाला आणि त्याने चांदीची टायपिन पुढे ठेवली. तिच्यावर दोन कुत्रे होते आणि त्यांच्या माना, शेपट्या, जिभा एकमेकींत विणत विणत पुढे गेलेल्या.

पंच बराच वेळ बघत राहिले. "कुत्र्यांची गरज आहे का?"

"पकड चांगली बसते."

"मग राहू देत," पंच म्हणाले, आणि मरेपर्यंत ती पिन त्यांच्या छातीवर होती. त्यांच्याच दफनाच्या दिवशी त्यांचा मुलगा ती लावून आला होता.

असंच सगळं. किल्टवर, म्हणजे आमच्या पुरुषांच्या घोळदार घागऱ्यावर, लावायची पिन म्हणजे दागिना नव्हे, वाऱ्याने किल्ट उडू नये म्हणून लावायचं वजन. पट्ट्याचं बक्कल म्हणजे विजार वर ठेवायचं साधन. कफलिंक कशाला, तर शर्टाची बटणं टिकत नाहीत. टॉरमॉड कधी हसला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी हसायला लागले की मलाच म्हणायचा, "हसतेस काय, अवजारच आहे ते." त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला असावा.

नक्षी त्याची स्वतःची नव्हती, तसा दावाही त्याने कधी केला नाही. समुद्राकाठच्या पडक्या चर्चमध्ये एक थडग्याचा दगड आहे, त्यावर गाठींची विणलेली नक्षी कोरलेली आहे. उन्हाळ्यात येणारे पाहुणे तिला केल्टिक म्हणतात. आम्ही दगडावरची म्हणतो. टॉरमॉड त्या दगडावर पोट टेकून पडायचा आणि बोटाने रेघ चालवायचा. वर, खाली, वर, खाली. एक पट्टी दुसरीच्या वरून गेली की पुढच्या ठिकाणी तिने खालून जायचं, हा नियम. कुठे सलग दोनदा वरून गेली तर गाठ खोटी. एकदा त्याने तीन आठवडे खपून एक बक्कल केलं, पॉलिश केलं, मला दाखवायला आणलं आणि माझ्या हातातून परत घेऊन वितळवायला मुशीत टाकलं.

"अरे, काय झालं?" मी म्हटलं.

"डाव्या कोपऱ्यात दोनदा वर."

"कुणाला दिसलं असतं?"

"मला दिसलं ना."

अशा माणसाबरोबर मी बत्तीस वर्षं दुकान चालवलं. मी मर्डीना, त्याची धाकटी बहीण. माझं लग्न झालं नाही, आणि कारण हवं असेल त्याने मला समोर येऊन विचारावं. गल्ला, गिऱ्हाईक, टपाल, चहा माझ्याकडे. मागच्या कामाच्या खोलीत मला बंदी होती, कारण एकदा मी तिथे केर काढला आणि केरात पंधरवड्याचा चांदीचा चुरा गेला. त्यानंतर मी त्या दारातून आत पाऊल टाकलं नाही. आत काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं आणि विचारण्याइतकी मी कधी नमलेही नाही.

दुकानात माझी कमाई एकच, ती म्हणजे कार्ड. प्रत्येक अंगठीबरोबर एक छोटं कार्ड जायचं, त्यावरचा मजकूर माझा. "या गाठीला आरंभ नाही आणि शेवट नाही. एकच रेघ आहे, ती फिरून स्वतःकडे येते." कॅनडाहून आलेल्या बायका ते वाचून डोळे पुसायच्या. मला त्या दोन ओळींचा फार अभिमान होता. टॉरमॉडला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो बराच वेळ कार्डाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "छान अक्षर आहे तुझं."

आता याखनकडे येते. याखन आमच्या शेजारचा विणकर. घराला लागून टपरीवजा खोली, तीत पायाने चालवायचा माग, आणि दिवसभर त्याची खडखड. माग थांबला की आम्हाला कळायचं, एकतर याखन जेवतोय नाहीतर धागा तुटलाय. टॉरमॉड आणि तो एका वर्गातले. पन्नास वर्षांची मैत्री, आणि त्यात दोघे मिळून किती बोलले असतील विचाराल तर एका दुपारात मावेल. संध्याकाळी एकमेकांच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. एक म्हणायचा, "वारा फिरला." दुसरा थोड्या वेळाने म्हणायचा, "फिरला." मग दोघे आपापल्या घरी.

टॉरमॉड ग्लासगोहून परत आल्यावर त्याने केलेली पहिली अंगठी याखनच्या लग्नाची. त्या काळी आमच्याकडे नवऱ्याने अंगठी घालायची पद्धत नव्हती. पण होणारी बायको डोलीना ठाम होती. तीच गोठ्यात जाऊन टॉरमॉडला सांगून आली, की मला त्या दगडावरच्यासारखी गाठ हवी, सबंध बोटाभोवती, जिला शेवट नसेल अशी. अंगठी झाली. गावाने याखनची टर उडवली तेव्हा तो म्हणाला, सुताचा ताण बघायला बरी पडते. म्हणजे तीही अवजारच ठरली. अडतीस वर्षं ती त्याच्या बोटातून निघाली नाही. शेवटची पाच वर्षं डोलीना नव्हती, अंगठी होती.

हे सगळं मला लिहावंसं वाटलं ते एका जुलैतल्या तीन दिवसांमुळे. शुक्रवारी गावच्या मेंढ्या लोकर कातरायला एकत्र केल्या होत्या. एका मेंढ्याने धडक मारली, फाटक आपटलं आणि त्यात याखनचा डावा हात सापडला. हाड मोडलं नाही. बोट मात्र सुजायला लागलं. संध्याकाळपर्यंत अंगठी मांसात रुतली.

शनिवारी नर्स आली. शोनाग तिचं नाव, आमच्याच गावची, लहानपणी याखनच्या मागाखाली खेळलेली. तिने साबण लावून पाहिला, बोटाला दोरा गुंडाळून अंगठी सरकवून पाहिली. अंगठी ढिम्म हलेना. मग तिने पिशवीतून अंगठी कापायची छोटी चक्री काढली. याखनने हात खिशात घातला.

"हात बाहेर काढा," शोनाग म्हणाली.

"अंगठी कापायची नाही."

"अहो, बोट निळं पडलंय. रक्त जात नाहीये पुढे. उद्या संध्याकाळपर्यंत ही अंगठी निघाली नाही तर परवा स्टॉर्नोवेच्या इस्पितळात बोट काढावं लागेल. समजतंय का?"

"समजतंय."

"मग?"

"कापायची नाही."

स्वयंपाकघरात अर्धं गाव जमलेलं. बायकांनी एकमेकींकडे बघून मान हलवली, सगळ्यांना डोलीना आठवली. मलाही आठवली. खरं सांगायचं तर मला माझं कार्डही आठवलं. जिला शेवट नाही ती गाठ म्हातारा कशी कापू देईल, असं मनात आलं आणि इतक्या दुःखातही जरा बरं वाटलं, हे मी कबूल करते. टॉरमॉड दारात उभा होता. याखनने त्याच्याकडे पाहिलं नाही.

जाताना शोनागने टॉरमॉडला अंगणात गाठलं. "तुमची अंगठी आहे. तुम्ही कापलीत तर कदाचित ऐकतील. विणकराचं बोट आहे हो ते."

"बघतो," टॉरमॉड म्हणाला.

रविवारी सकाळी लापशी तशीच गार होत होती आणि हा समोर बसून टेबलावर बोट फिरवत होता. वर, खाली, वर, खाली. मला राहवेना.

"जा ना, काप ती. तुझं मन होत नाही हे कळतंय मला. पण चांदीच आहे. बोट परत येत नाही."

"कापायचं काही नाही," तो म्हणाला. "कुठे कापायचं ते मला माहीत आहे. तेच तर अवघड आहे."

"म्हणजे?"

"जिथे जोड आहे तिथे."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. अंगठी म्हणजे आधी एक सरळ पट्टी असते. तिच्यावर गाठी विणायच्या, मग ती वाकवायची, दोन टोकं एकमेकांना भिडवायची आणि झाळायची, म्हणजे तापवून सांधून टाकायची. टॉरमॉड तो सांधा अशा जागी आणायचा, जिथे एक पट्टी दुसरीच्या खाली जाते, त्या सावलीत. मग कानशीने घासून असा लपवायचा, की भिंगातूनही दिसू नये.

"प्रत्येक अंगठीला?" मी विचारलं.

"प्रत्येक."

"म्हणजे मी बत्तीस वर्षं लोकांना खोटं लिहून देतेय?"

"तुला काय वाटलं, चांदी गोल उगवते?"

"मला खोलीत बंदी होती," मी म्हटलं, आणि चमचा इतक्या जोरात ठेवला की लापशी उडाली. "तू मला सांगायला हवं होतंस. छान अक्षर आहे म्हणे. कॅनडातल्या बायका रडल्यात त्या अक्षरावर."

त्याने उडालेली लापशी बाहीने पुसली. मग म्हणाला, "तुझं कार्ड नंतरचं, मर्डीना. माझं खोटं त्याच्या आधीचं आहे. अंगठी न्यायला आली तेव्हा डोलीनाने मला विचारलं होतं, याला शेवट नाही ना कुठे? मी नाही म्हणालो. बावीस वर्षांचा होतो. ती इतकी खूश होती. त्यावर त्यांनी सगळा संसार केला. ती गेल्यापासून तो त्या अंगठीला धरून बसलाय. आज त्याच्यासमोर बसून मी जोड उघडायचा, म्हणजे त्याला सांगायचं, की शेवट होता आणि मी तो घासून ठेवला होता."

"मग दुसरीकडे कुठेतरी काप. त्याला कळणार नाही."

"दुसरीकडे कापली तर ती पुन्हा कधीच धड होणार नाही. पट्ट्याच तुटतील." त्याने लापशी बाजूला सारली. "एक तर अंगठी मोडायची, नाहीतर याखनला."

माझा राग तिथेच ओसरला. साठ वर्षांचा माणूस, केस पांढरे, आणि तोंड अगदी त्या हिरव्या बोटाच्या दिवशी होतं तसं. एवढा जीव लावून काम करणारा माझा भाऊ आणि त्याला आयुष्यभर हेच एक सलत होतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. आमच्या घरात तशी रीत नाही, म्हणून मी त्याची लापशी गरम करून आणली.

"पण आज?" मी विचारलं. "आज रविवार."

"गरजेचं आणि दयेचं काम चालतं."

"यातलं कुठलं हे?"

त्याने विचार केला. "बोट गरजेचं," म्हणाला. "अंगठी दयेची."

रविवारी हातात अवजारांची पेटी घेऊन शेजारच्या दारात जाणं मात्र शक्य नव्हतं. खिडक्यांना डोळे असतात. म्हणून त्याने बारीक करवत, दोन पकडी, चिमटा आणि कानस आपल्या काळ्या कोटाच्या खिशांत कोंबली आणि आम्ही तसेच चर्चला गेलो. चर्चहून परतताना आजाऱ्याची विचारपूस करायला जातात, तसं याखनकडे जायचं ठरलं. आम्ही बसून गातो आणि प्रार्थनेला उभे राहतो. उभं राहताना टॉरमॉडच्या कोटातून खळकन आवाज आला. पुढच्या रांगेतून तीन माणसं वळली. बसताना पुन्हा खळ्ळ. त्या दिवशीचं प्रवचन कशावर होतं ते मला विचारू नका.

याखन चर्चला आलेला नव्हता. आम्ही गेलो तेव्हा तो चुलीशी बसला होता आणि हात टेबलावर उशीवर ठेवलेला. बोट आता जांभळं होतं. शोनाग शेजारी बसून घड्याळ बघत होती. शनिवारची गर्दी नव्हती, आम्ही चौघंच. टॉरमॉडने कोट काढला आणि अवजारं एकेक करून टेबलावर मांडली. याखनने ती पाहिली, पण हात मागे घेतला नाही.

"वारा फिरला," याखन म्हणाला.

"फिरला," टॉरमॉड म्हणाला. मग समोर बसला आणि एका दमात बोलून टाकलं. "याखन, या अंगठीला जोड आहे. पहिल्या दिवसापासून आहे. मी डोलीनाला नाही म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. मला तिथे कापू दे. तिथे कापली तर मी परत होती तशी करून देईन. बोट वाचेल. मग तुला माझं तोंड बघायचं नसेल तरी चालेल."

शोनागला यातलं काही कळत नव्हतं, ती माझ्याकडे बघायला लागली.

"माहीत आहे," याखन म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"जोड."

टॉरमॉडचं तोंड उघडं राहिलं. "कधीपासून?"

"लग्नाच्या आठवड्यापासून." याखनने उजव्या हाताचा अंगठा वर केला. "मी विणकर आहे, खिळ्या. तुटलेला धागा जोडला की त्याची गाठ बोटाला कळते, म्हणून मी विणकर. एवढीशी खरखर आहे तिथे. डोळ्याला नाही, बोटाला कळते."

"मग बोलला का नाहीस?"

"मी डोलीनाला दाखवली जागा. मला वाटलं तिला राग येईल. ती हसत सुटली. म्हणाली, बिचाऱ्याने किती जपून लपवलंय, आपल्याला कळलंय हे त्याला कधी कळू द्यायचं नाही. वचन दे म्हणाली. दिलं."

"आणि काल?" शोनागने न राहवून विचारलं. "काल का नाही कापू दिलीत मला?"

"तू भलतीकडे चक्री लावली असतीस. कुठे लाव ते सांगितलं असतं तर सगळ्या गावाला कळलं असतं, की याच्या अंगठीत जोड असतो." त्याने टॉरमॉडकडे पाहिलं. "वचन होतं."

"मला एकट्याला बोलावून सांगायचंस," टॉरमॉड म्हणाला.

"तुलाच तर कळू द्यायचं नव्हतं. आता तू आपण होऊन बोललास. माझं वचन मोडलेलं नाही."

मला रडू येत होतं आणि दोघांच्या टाळक्यात एकेक टपलीही मारावीशी वाटत होती. एक जोड सांगायचा नाही म्हणून तीन दिवस पोळत होता, दुसरा जोड लपवायला बोट सडवत बसला होता. मी बोलूनही टाकलं, "तुम्हा दोघांची अक्कल मेंढ्यांनी चरली काय रे? बोट गेलं असतं ना त्याचं."

"माग नऊ बोटांनी चालतो," याखन म्हणाला. "वचन अर्धं पाळता येत नाही."

शोनागने दिवा जवळ आणला. टॉरमॉडने चष्मा घातला, अंगठीच्या कडेने नखाने चाचपलं आणि थांबला. सूज इतकी होती की त्याला स्वतःलाही जागा सापडेना. अडतीस वर्षांपूर्वी घासून लपवलेली जागा, आणि करणाऱ्यालाच ती दिसेना. त्याने दोनदा बोट फिरवलं.

मग याखनने आपला उजवा अंगठा सुजलेल्या बोटाखाली नेला आणि न बघता एका जागी टेकवला. "इथे," म्हणाला.

टॉरमॉडने तिथे करवत लावली. कातडीला लागू नये म्हणून शोनागने खाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवली. दहा मिनिटं गेली असतील, मला तासासारखी वाटली. मग बारीक टिक असा आवाज आला. टॉरमॉडने दोन पकडींनी टोकं अलगद फाकवली आणि अंगठी निघाली. शोनागने बोट हातात घेतलं आणि दाबत, चोळत बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग टोकाला किंचित गुलाबी रंग आला आणि शोनाग म्हणाली, "राहील बोट." ती तशीच मान खाली घालून बसून राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

उघडलेली अंगठी टॉरमॉडच्या तळहातावर पडली होती. दोन टोकं, मध्ये एक फट. त्याने ती उजेडाकडे धरली, बोटाने रेघ चालवली, फटीपर्यंत येऊन थांबला.

"सूज उतरली की परत जोडतो," तो म्हणाला. "आता बोट थोडं जाड राहील, तेव्हा मध्ये एक तुकडा घालावा लागेल. सांधा दुसरीकडे नेता येईल. हात आता पूर्वीपेक्षा बसलाय माझा, तुझ्या बोटालाही कळणार नाही असा करून देतो."

याखन आपल्या उघड्या बोटाकडे बघत होता. अंगठीच्या जागी पांढरा वळ उठलेला होता. उजवा अंगठा आपोआप तिथे गेला, त्याने काहीतरी शोधलं आणि त्याला काही मिळालं नाही.

"दुसरीकडे नको," तो म्हणाला. "होता तिथेच ठेव. ती गेल्यापासून माझा अंगठा तिथेच असतो."

टॉरमॉडने मान डोलावली.

"आणि इतका घासू नकोस," याखन म्हणाला.

तीन आठवड्यांनी टॉरमॉडने अंगठी जोडून दिली. सांधा त्याने अजिबात घासला नाही.